दंडावरचा सेन्सर आणि पहाटेची साखर

दंडावर चिकटवून सलग चौदा दिवस साखरेची नोंद ठेवणारा ग्लुकोज सेन्सर मी नुकताच वापरून पाहिला. यंत्र चांगले आहे, पण सोबतच्या ॲपमधील सल्ला मधुमेही माणसाची दिशाभूल करणारा आहे.

एका रात्री साडेसातला भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ल्यावर मी पाण्याखेरीज काहीही घेतले नव्हते. तरी तीन वाजता १०९ असलेली साखर साडेसहाला १३६ झाली आणि ॲपने विचारले, ‘रात्री उशिरा काही खाल्ले का?’ या प्रश्नाला घाबरून मी पुढे दोन रात्री जेवणच टाळले, पण पहाटेचा आकडा फारसा हलला नाही.

कारण ही साखर ताटातली नव्हे, यकृतातली असते. आपण उपाशी असताना यकृत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा मोडते आणि जोडीला लॅक्टेट, अमिनो आम्ले व ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज घडवते. चरबीच्या पेशींना एरवी इन्सुलिन आवरून धरते. टाइप २ मधुमेहात तो लगाम सैल पडतो, चरबी मोडून निघणारी मेदाम्ले रात्रभर रक्तात उतरत राहतात आणि यकृत ती जाळते. या मेदाम्लांची स्वतःची साखर होत नाही, ती साखरेच्या चुलीला सरपण पुरवतात: त्यांच्या ज्वलनातून ऊर्जा मिळते आणि त्यातूनच तयार होणारे ॲसिटाइल-कोए हे पायरुव्हेट कार्बोक्झिलेज या विकराला चालना देते, म्हणजे पायरुव्हेटपासून ग्लुकोजकडे जाणाऱ्या वाटेचे पहिलेच दार उघडते. पहाटे वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्यात भर घालते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध प्रामुख्याने यकृताच्या याच निर्मितीला आळा घालते, हे ॲपमध्ये दोन ओळींत सांगता आले असते.

मोजमापाबद्दल माझी तक्रार किरकोळ आहे. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे जेवणानंतर तो ग्लुकोमीटरच्या काही मिनिटे मागे असतो; उपाशीपोटी मात्र बोटाच्या थेंबाशी त्याचा आकडा बऱ्यापैकी जुळला. एकदा त्याच दंडावर कुशीला झोपल्यामुळे मध्यरात्री ५८ दाखवून गजर झाला, तेव्हा बोटावर साखर १०४ निघाली. सेन्सर घेणाऱ्यांनी ग्लुकोमीटर उशाशी ठेवावा आणि पहाटेचा आलेख ॲपऐवजी आपल्या डॉक्टरांना दाखवावा.