विक्शनरीत आठ महिने शब्दांना वर्ग लावताना

विक्शनरी म्हणजे कुणालाही भर घालता येईल असा ऑनलाइन शब्दकोश. आधी वाटलं होतं, तिथे शब्द गोळा करणं हे खरं काम. वर्ग लावणं, म्हणजे एका जातीचे शब्द एका यादीत घालणं, हे काय, मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं. आठ महिन्यांत मत पार उलटलं.

सोय झकास आहे. पानाच्या तळाशी दुहेरी चौकटी कंसात वर्गाचं नाव लिहिलं की शब्द आपोआप त्या यादीत जाऊन बसतो. वर्गाचं पान कुणी बनवलेलं नसलं तरी दुवा लाल दिसतो इतकंच, यादी भरतच राहते. इथेच मी आपटलो. कधी ‘मराठी नाम’ लिहिलं, कधी ‘मराठी नामे’, एकदा तर ‘नामं’. तिन्ही याद्या बिनतक्रार भरल्या. मग एका वर्गाचं शीर्षक बदलून पाहिलं, तर पाटी बदलली आणि शब्द जुन्याच घरी. एकेक पान उघडून दुरुस्त करण्यात दोन रविवार गेले.

आता वर्ग साच्यातूनच लावतो; साचा म्हणजे एकदाच लिहून अनेक पानांवर वापरायचा मजकूर. नाव एकाच ठिकाणी असतं, बदलायचं तर तिथेच. बदल सगळ्या पानांवर पोचायला वेळ लागतो, तोवर घाबरून पुन्हा हात घालू नये. (घातला होता.) आणि ‘ऱ्य’ टंकताना जपून: तो दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला मात्र वेगळा.

खरी डोकेदुखी वेगळीच. वर्ग लागतो पानाला, अर्थाला नाही. ‘वर’ घ्या. नवरदेव आणि आशीर्वाद या अर्थी नाम, ‘वर ये’मध्ये क्रियाविशेषण, ‘टेबलावर’मध्ये शब्दयोगी अव्यय. अव्ययांच्या यादीतून आलेल्या वाचकाला पानावर पहिल्यांदा भेटतो तो नवरदेव! ‘शिक्षा’ त्याहून बेरकी. मराठीत दंड, हिंदीत शिक्षण, पान मात्र एकच. म्हणून वर्गाच्या नावात भाषा हवीच. नुसता ‘नामे’ हा वर्ग दिसला तर मी तिथल्या तिथे हलवतो.

लिंगाचा घोळ झाला की दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडतो. 1932 ते 1938 या काळात निघालेले ते सात खंड अजून उपयोगी पडतात. पण छापील कोशात शब्दाची जागा एकच. इथे ‘वेळ’ पुल्लिंगातही बसतो (‘माझा वेळ गेला’) आणि स्त्रीलिंगातही (‘जेवायची वेळ झाली’). या एका सुखासाठी बाकीचं सोसावं.

‘मराठी नामे’सारखे अजस्र वर्ग मोजदादीपुरते बरे. एका पानावर 200 शब्द दिसतात, पुढची पानं उलटत कोण बसणार? वाचायला मजा येते ती लहान वर्गांत. माझा आवडता पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दांचा: साबण, चावी, बिजागरी, घमेलं, पगार, बटाटा, पाव. अर्धं घर उभं राहतं की. ‘पेरू’ मात्र अजून बाहेरच ठेवलाय. कुणी त्याचं मूळ नासपतीच्या पोर्तुगीज नावात शोधतं, कुणी थेट पेरू देशात. त्या शब्दाच्या चर्चापानावर प्रश्न टाकून ठेवलाय, तोवर त्याला फक्त ‘मराठी फळे’ हा वर्ग.