बटनं की काच: नव्या कीबोर्डच्या फोनसाठी थांबायचं का?

उदगीरच्या एका तरुण आडत्याचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याचा, परवा फोन आला. "काका, बटनाचा नवा फोन यायलाय म्हणतेत. थांबू का काचेचाच घेऊन टाकू?" काचेचा म्हणजे टचस्क्रीनचा. फोनवर पाच मिनिटांत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. बाजारात उभं राहून दिवसभर भाव लिहिणाऱ्या-पाठवणाऱ्या आणखी काही जणांनाही हाच प्रश्न पडलेला असणार.

मी लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन आणि तुरीचं काम करतो, आडतीसोबत बाहेरच्या प्लांटला, म्हणजे कारखान्यांना, मालही पाठवतो. २०१८ च्या डिसेंबरात ब्लॅकबेरी की-टू हा बटनांचा फोन घेतला आणि पाच वर्षं तोच एक फोन वापरला. नंतरची दोन वर्षं काचेवर काढली. गेल्या दिवाळीपासून पुन्हा बटनांकडं आलोय. दोन्ही बाजू अंगावरून गेल्यात, तेवढ्याच अधिकारानं बोलतो. रॅम किती, कॅमेरा कितीचा, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बघाल.

आधी काचेच्या फोनचं चांगलं ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. शेतकऱ्याला मराठीत पट्टीचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या पावतीचा, हिशोब पाठवायचा तर काचेसारखं सोपं काही नाही. देवनागरी अक्षरं समोर दिसतात, बोटानं उचलायची. बटनांवर छापलेली असते इंग्रजी, त्यामुळं मी पाच वर्षं "bhav kay nighala" असं रोमनमध्येच मराठी लिहीत आलो. समोरच्याला ते कळतं, पण वडीलधाऱ्या शेतकऱ्याला तसं लिहिताना मला कायम अवघडल्यासारखं झालं. शिवाय काच फुटली तर लातूरच्या गंजगोलाई बाजारात तासाभरात बदलून मिळते. घरात बसून, दुकानाच्या गादीवर बसून, हात धुऊन लिहायचं असेल तर काच घ्या आणि निवांत राहा. यात मला काडीचीही शंका नाही.

प्रश्न सौद्याच्या वेळी, म्हणजे बाजारात मालाची बोली चालू असताना, येतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, सोयाबीन भिजलं. दिवाळीच्या आसपास आवक सुरू झाली तेव्हा प्रत्येक ढिगाचा ओलावा वेगळा आणि भावही वेगळा. एका हातानं दाणे चोळून बघायचे, दाताखाली धरायचे, दुसऱ्या हातात फोन. बोटांना भुसकटाची बारीक पूड चिकटलेली, वरून घाम. अशा अंगठ्यानं मी एका प्लांटला ११० क्विंटलचा भाव कळवला. लिहायचं होतं ४४५०. वरच्या ओळीत तीन आणि चार शेजारी-शेजारी असतात. दुसरा चार घसरला आणि ४३५० गेलं. माझी नजर त्या वेळी बोलीकडं होती. पलीकडून लगेच उत्तर आलं, "मंजूर, गाडी भरा."

आमच्या धंद्यात भाव एकदा दिला की दिला. मी फोन करून चूक झाली म्हणून सांगू शकलो असतो, कदाचित त्यांनी मानलंही असतं. पण पुढच्या वेळी माझा मेसेज आला की तो माणूस आधी खात्री करायला फोन करणार, आणि त्या दोन मिनिटांत दुसरा आडत्या गाडी भरून मोकळा होणार. क्विंटलमागं शंभर रुपये, म्हणजे ११,००० रुपये मी माझ्या खिशातून घातले. शेतकऱ्याची पट्टी ठरल्या भावानंच केली.

चूक माझी होती, मी बघितलं नाही. पण सौद्यात बघायला सवडच नसते, हेच तर मला सांगायचंय. त्या रात्री कपाटातून की-टू काढून चार्जिंगला लावला.

तो हातात घेतल्यावर अंगठे आपोआप जागेवर गेले. ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ब्लॅकबेरीच्या बटनांवर आकड्यांची वेगळी ओळ नसते. डावीकडच्या अक्षरांवरच आकडे बसवलेले असतात. डब्ल्यू-ई-आर म्हणजे एक-दोन-तीन, त्याखाली एस-डी-एफ म्हणजे चार-पाच-सहा, त्याखाली झेड-एक्स-सी म्हणजे सात-आठ-नऊ. शून्य खाली, स्पेसच्या शेजारी. जुन्या साध्या मोबाईलवर जसा तीन-तीनचा चौकोन असायचा तसाच. आधी अल्ट नावाचं बटन दाबायचं आणि मग त्याच अंगठ्यानं आकडे मारायचे. ४४५० म्हणजे एस, एस, डी, आणि खाली उतरून शून्य. बटनांच्या ओळींमध्ये धातूची बारीक पट्टी आहे, अंगठा एका ओळीतून दुसरीत गेला की ती लागते. बटन दाबलं गेलं तर टक्क होतं, नाही गेलं तर होत नाही. डोळे खरेदीदाराच्या चेहऱ्यावर ठेवून मी भाव लिहितो आणि पाठवतो. दिवाळीपासून आजवर एकही आकडा चुकून गेलेला नाही. कुणी मोजमाप मागेल तर माझ्याकडं एवढंच आहे.

इथं काही जण म्हणतील, बोलून टाइप करा की. मराठी बोललेलं आता फोनला चांगलं कळतं, मी गाडीत बसल्यावर तेच वापरतो. पण सौद्याच्या जागी हमालांचा ओरडा, ट्रकचे हॉर्न, शेजारी दुसरी बोली चालू. आणि आवाज पोचला तरी भाव मोठ्यानं बोलायचा कसा? पोटली फुटायच्या, म्हणजे बोलीतला भाव जाहीर व्हायच्या, आधी मी प्लांटला काय भाव कळवतोय ते शेजारच्याच्या कानावर गेलं तर माझ्याकडं राहिलं काय? न बघता आणि न बोलता लिहिता आलं पाहिजे. काचेवर मला हे जमलं नाही. एखाद्याला जमत असेल, माझ्या मुलाचे अंगठे काचेवर माझ्यापेक्षा कितीतरी सरळ चालतात, पण धुळीच्या हातानं त्याचंही चुकताना मी पाहिलंय.

अक्षरांना कामं नेमून देण्याची सोयही सांगायला पाहिजे. की-टूवर प्रत्येक अक्षर नुसतं दाबलं तर एक काम आणि दाबून धरलं तर दुसरं, अशी ५२ कामं लावता येतात. मी सहा-सातच लावलीत. एम दाबून धरलं की मुनीमजींना फोन, के म्हणजे वजनकाट्यावर. बाकीची कधी लागलीच नाहीत.

मग सरळ जुना की-टूच घ्या असं का सांगत नाही? कारण तो थांबलेला फोन आहे. अँड्रॉइड ८.१ वर आला आणि तिथंच राहिला. बनवणाऱ्या टीसीएल या चिनी कंपनीचा ब्लॅकबेरीसोबतचा करार ३१ ऑगस्ट २०२० ला संपला, आता त्याला कुणी वाली नाही. माझ्या बँकेचं ॲप २०२३ मध्ये एका सकाळी उघडलंच नाही, फोन जुना झाला म्हणाला. काचेकडं जायचं कारण तेच होतं. आज मी की-टू फक्त सौद्यासाठी आणि मेसेजसाठी वापरतो. पैशाचा व्यवहार त्यावर करत नाही, तुम्हीही करू नका. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या फोनवर बँक ठेवायची नसते. स्क्रीन गेली तर लातुरात पार्ट मिळत नाही, बॅटरी आतून बंद, ती बदलायला जाणकार हात शोधावा लागतो.

सेकंड हँड बघणाऱ्यांच्या मनातला एक गोंधळ मात्र दूर करतो. ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरी बंद पडला असं सगळे म्हणतात. त्या दिवशी बंद झाली ती त्यांच्या स्वतःच्या जुन्या सिस्टिमवरच्या फोनची सेवा. की-टू आणि त्याच्या आधीचा की-वन हे अँड्रॉइडवर चालणारे, त्यांना त्या तारखेनं काही झालं नाही. पण म्हणून आज ते विकत घ्यावेत असं होत नाही.

राहता राहिला नवा. इथं मी थोडा जपून बोलतो, कारण या बाबतीत एकदा तोंड पोळलंय. ऑगस्ट २०२० मध्ये ऑनवर्डमोबिलिटी नावाच्या अमेरिकी कंपनीनं सांगितलं की २०२१ मध्ये ५जी आणि बटनं असलेला ब्लॅकबेरी आणतो. मी वाट बघितली. २०२१ गेलं, फोन आला नाही आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीच बंद झाली. मी तेव्हा आगाऊ पैसे भरले नव्हते ही देवाची कृपा. त्यामुळं येणार म्हणणाऱ्या फोनवर मी आता हंगाम लावत नाही.

आज नजरेसमोर दोन आहेत. पहिला युनिहर्ट्झचा टायटन २. ही कंपनी २०१९ पासून बटनांचे फोन काढत आलीय, बोललं की फोन येतो, हे तिच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. पुण्याच्या एका व्यापारी मित्राचा टायटन २ मी दोन दिवस हाताळला. पडदा चौकोनी, २०१४ च्या ब्लॅकबेरी पासपोर्टची आठवण करून देणारा. त्यावर हिशोबाचा तक्ता इतका ऐसपैस दिसतो की मुनीमजींना तो फार आवडेल. पण अंग रुंद आणि वजनदार. शर्टाच्या खिशात घातला की खिसा लोंबतो आणि ढिगावर वाकलं की फोन बाहेर येतो. एका हातात पेलून त्याच अंगठ्यानं लिहिणं मला जमेना. टेबलावर काम असणाऱ्यानं तो जरूर बघावा, त्याच्यासाठी थांबायचीही गरज नाही.

दुसरा क्लिक्सचा कम्युनिकेटर, जो २०२६ च्या जानेवारीत जाहीर झाला. उदगीरचा मुलगा विचारतोय तो हाच. आयफोनला खालून बसवायचं कीबोर्डचं कव्हर २०२४ मध्ये ज्यांनी काढलं, तीच ही मंडळी. तेव्हा किंमत सांगितली ४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं पंचेचाळीस हजारांच्या घरात, वर कस्टम वेगळं. पडदा लहान, फोन मुठीत मावणारा, बोटाचा ठसा स्पेसच्या बटनातच, जसा की-टूला होता. एका बाजूला दिवा आहे, कुणाचा मेसेज आला ते त्याच्या रंगावरून ओळखायचं. प्लांटचा लाल, घरचा हिरवा असं लावून ठेवलं की हात भरलेले असताना फोन उघडायचा की नाही हे लांबूनच ठरेल. आमच्या कामात हे मला फार मोलाचं वाटतं. आणि बनवणारे स्वतःच सांगतात की मोठ्या फोनच्या जोडीला दुसरा फोन म्हणून तो वापरा. मी दिवाळीपासून अगदी तसंच राहतोय, बँक आणि मराठी काचेवर, सौदा बटनांवर. म्हणून माझं मन याच फोनकडं झुकतंय हे लपवत नाही.

तरी हातात घेतल्याशिवाय मी पैसे देणार नाही. बटनं किती घट्ट आहेत, टक्क होतं की नुसतं दबतं, आकड्यांपर्यंत एका अंगठ्यानं पोचता येतं का, हे फोटोत दिसत नाही. धुळीत दोन महिने गेल्यावर बटनांच्या फटीत काय होतं, तेही बघावं लागेल. की-टूच्या फटीत भुसकट जातं, मी जुन्या दातांच्या ब्रशनं आठवड्याला काढतो.

उदगीरच्या मुलाला मी सांगितलं, आत्ता गरज असेल तर मध्यम किमतीचा काचेचा घे, महागाचा घेऊ नकोस, पुढं जोडीला बटनांचा आला तर हाच बँकेला आणि मराठीला कामी येईल. कम्युनिकेटर कुणाच्या तरी हातात येईपर्यंत धीर धर. सौद्याला रोज उभा राहत नसशील, पोरांकडून भाव घेऊन दुकानातूनच कळवत असशील, तर बटनांचा नाद सोड, तुला त्याचा फायदा नाही.

"मी तर रोज हुभाच असतो काका," तो म्हणाला.

मग मंगळवारी सकाळी लातूरला ये म्हटलं. माझा की-टू तुझ्या हातात देतो, सिम तुझं घाल, एक अख्खा सौदा त्यावर काढ. पहिला अर्धा तास अडखळशील, अल्ट सापडणार नाही, शून्याच्या जागी स्पेस पडेल. पोटली फुटेपर्यंत हात बसलेला असेल. तो येतो म्हणालाय.