गाऊट : दुखेल तेव्हाची गोळी की रोजची?

गटारीला खायचं-प्यायचं ते सगळं झालं, दुसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि त्याच्या पुढच्या पहाटे अडीच वाजता उजव्या पायाचा अंगठा पेटला. आधी वाटलं, काहीतरी चावलं. दिवा लावून बघितलं तर अंगठ्याचा बुंधा लालबुंद, सुजून चकाकत होता. पावसाचे दिवस, डासांमुळे पांघरूण तर हवंच. पण चादर नुसती टेकली तरी ओरडायची पाळी. शेवटी बायकोने धुण्याची प्लास्टिकची बास्केट आडवी केली, त्यात माझा पाय सरकवला आणि वरून चादर घातली. सासूबाई शेकायची पिशवी घेऊन आल्या होत्या, तिचा तर तापही सहन होईना. (बर्फ लावावा, हे पुढे कळलं.) लालबागच्या चाळीचे तीन जिने मी पाच दिवस उतरलो नाही.

हा गाऊट, युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्याचा आजार. याला आता आठ वर्षं झाली. त्यातली पहिली तीन मी 'दुखलं की गोळी' या हिशेबाने काढली आणि नंतरची 'दुखो न दुखो, रोज गोळी' या हिशेबाने. सध्या माझ्या धाकट्या मावसभावालाही हेच निघालंय. भांडुपहून दर दोन दिवसांनी त्याचा फोन असतो, "दादा, तू जे घेतोस तेच मी घेतो ना!" तेच घेऊ नकोस रे बाबा. मी डॉक्टर नाही, आणि तुझी किडनी, तुझं बीपी माझं नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर कशाची तुलना कशाशी करायची, एवढं मी सांगू शकतो.

सगळा घोळ होतो तो दोन वेगळ्या कामांच्या गोळ्या एकाच डबीत धरल्याने. रक्तातलं युरिक ॲसिड (शरीरातला एक टाकाऊ पदार्थ) दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही. घट्ट पाक गार झाल्यावर भांड्याच्या कडेला साखर धरते ना, तसे त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात धरतात. पायाचा अंगठा शरीराचा गार भाग, म्हणून बहुतेकांची सुरुवात तिथून होते. कधीतरी शरीर त्या खड्यांवर तुटून पडतं, तो ॲटॅक. दुखण्याच्या वेळची गोळी ही मारामारी थांबवते, पण खडे होते तिथेच राहतात. रोजची गोळी युरिक ॲसिड खाली आणते आणि मग खडे हळूहळू विरघळतात. मात्र ऐन दुखण्यात ती वेदनेवर काहीच करत नाही.

त्या रात्री काय घ्यायचं

पर्याय तीन: कोल्चिसिन, सुजेवरची पेनकिलर आणि स्टेरॉइड. तिन्ही गुण देतात. कुठलं घ्यायचं हे दुखण्यापेक्षा तुमच्या बाकीच्या आजारांवर ठरतं.

कोल्चिसिन लवकर घेतलं तरच त्याचा खरा उपयोग. पहिल्या बारा तासांत घेतलेली गोळी आणि तिसऱ्या दिवशी घेतलेली गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक. पूर्वी 'जुलाब लागेपर्यंत घेत राहा' असं सांगायचे. २०१०च्या एका मोठ्या चाचणीत कमी डोसही तितकाच गुणकारी ठरला आणि पोटाचे हाल बरेच कमी झाले, त्यामुळे आता सुरुवातीला दोन-तीन गोळ्यांवर भागवतात. गंमत म्हणजे हे द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीतही असतं, आणि कळलावी किती विषारी हे गावाकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे 'एक गोळी जास्त घेतली तर काय होतंय' हा प्रयोग इथे नको. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर हे औषध अंगात साठून जिवावर बेतू शकतं.

पेनकिलर म्हणजे नेप्रॉक्सेन, इटोरिकॉक्सिब, इंडोमेथासिन वगैरे. मुंबईत केमिस्टच्या काउंटरवर 'पाय सुजलाय' म्हटलं की हमखास यातलीच स्ट्रिप पुढे येते. तरुण, बाकी धडधाकट माणसाला ही बरी. पण गाऊटवाल्यांपैकी किती जण बाकी धडधाकट असतात? बीपी, किडनी, ॲसिडिटीचा अल्सर, हृदयाचा त्रास यांपैकी काहीही असेल तर ती आपल्या मनाने घ्यायची नाही. मी बीपीवाला असून तीन वर्षं हेच करत आलो. माझं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) चढल्याचं डॉक्टरांनी दाखवलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

ज्यांना ही दोन्ही चालत नाहीत त्यांना डॉक्टर पाचेक दिवसांचं प्रेडनिसोलोन देतात. डायबेटिस असेल तर त्या दिवसांत शुगर उसळते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. गावाहून कुणी आणून दिलेल्या बिनलेबलच्या पुडीने जादूसारखा आराम पडला, तर तिच्यातही स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा.

आणि एक गोष्ट: थंडी-ताप आहे आणि एकच सांधा लाल होऊन तापलाय, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला तरी दिसायला असंच दिसतं.

रोजची गोळी कुणाला, कुणाला नको

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी स्वस्तातलं फुल बॉडी चेकअप केलं. युरिक ॲसिड ७.८ आलं आणि ते घाबरून गोळी चालू करायला निघाले. आयुष्यात एकदाही पाय दुखलेला नाही! अशांनी शक्यतो गोळीच्या भानगडीत पडू नये. नुसता आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधी होतही नाही.

दुसऱ्या टोकाला वर्षात दोन किंवा जास्त ॲटॅक येणारे, कानाच्या पाळीवर किंवा कोपरावर खडूसारख्या गाठी धरलेले, एक्स-रेमध्ये सांधा झिजलेला दिसणारे. यांनी 'दुखेल तेव्हा बघू' म्हणत दिवस काढण्यात काही शहाणपणा नाही. पहिलाच ॲटॅक असेल तर थांबून बघायला हरकत नाही. पण किडनी अधू असेल, मुतखडा होऊन गेला असेल किंवा आकडा ९च्या वर असेल तर तेव्हाच डॉक्टरांशी बोलावं. भाऊ इथेच अडलाय. त्याचा ॲटॅक एकच, पण आकडा ९.४.

'दुखेल तेव्हा' या पद्धतीचा फायदा उघड आहे: रोजची कटकट नाही. तोटा वर्षं जातील तसा कळतो. माझे ॲटॅक आधी वर्षाला एक होते, मग तीन झाले. अंगठ्यावरून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात गेले. करी रोडच्या पुलाच्या पायऱ्या मी एकेक करून, कठड्याला धरून चढायचो आणि मागून येणारी गर्दी शिव्या घालायची.

रोजच्या गोळीचा तोटा मात्र लगेच कळतो, आणि माणसं नेमकी तिथेच फसतात. मीही फसलो. गोळी चालू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात जोराचा ॲटॅक आला. 'या गोळीनेच झालं' म्हणत स्ट्रिप कचऱ्यात टाकली आणि अख्खं वर्ष वाया घालवलं. खरं तर खडे विरघळायला लागले की सुरुवातीचे काही महिने ॲटॅक येऊ शकतात. म्हणूनच पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची छोटी मात्रा देतात. मला ती दिली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. ॲटॅक आला तरी रोजची गोळी बंद करायची नाही, तीही चालूच ठेवायची.

ॲलोप्युरिनॉल की फेबुक्सोस्टॅट

रोजच्या गोळीची ही दोन नावं. त्यातलं ॲलोप्युरिनॉल १९६६पासून वापरात आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८चं नोबेल मिळालं. स्वस्त आहे. डॉक्टर १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करतात आणि रक्त तपासत हळूहळू वाढवतात. किडनीवाल्यांनाही ते देता येतं, फक्त सुरुवात आणखी कमी मात्रेने. भीती एकाच गोष्टीची, अंगावर पुरळ. क्वचितच होतं, पण वाढलं तर जीवघेणं ठरतं. पहिल्या काही आठवड्यांत पुरळ दिसलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवायचं.

फेबुक्सोस्टॅट नवं, अमेरिकेत २००९ला मंजूर झालं. ४० किंवा ८० ची एक गोळी, मात्रा वाढवत बसण्याचा खटाटोप कमी, आकडा चटकन खाली येतो. खिशाला मात्र जास्त लागतं. हृदयाबद्दल त्याच्यावर वाद झाला. २०१८च्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णांत, फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या कारणाने झालेले मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त दिसले. २०१९ला अमेरिकेत त्यावर कडक इशारा छापला गेला. २०२०च्या युरोपातल्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. माझा कौल सरळ आहे: ॲलोप्युरिनॉल चालत असेल तर आधी ते, सोसलं नाही किंवा पुरलं नाही तर दुसरं. अँजिओप्लास्टी वगैरे झालेली असेल तर हा विषय डॉक्टरांकडे आपणहून काढायचा.

नाव कुठलंही असो, आकडा ६च्या खाली आला पाहिजे, गाठी असतील तर ५च्या. वर्षानुवर्षं १०० मिलिग्रॅमवर राहून 'गोळी चालू आहे' म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत. त्यांचा आकडा ८, आणि ॲटॅक येतातच.

नुसत्या पथ्याने भागेल का

आमच्यासारख्या मालवणी घरात हा प्रश्न आधी येतो. शरीरातलं सुमारे दोन-तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं, आणि बहुतेकांची खरी अडचण ही की किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही. त्यामुळे कडक पथ्यानेही आकडा एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. भावाचे ९.४ त्याने ६च्या खाली येणार नाहीत.

पथ्यही लोक भलतंच पाळतात. डाळ, पालक, टोमॅटो बंद आणि शनिवारची बिअर चालू! भाज्या-डाळींमुळे गाऊट वाढल्याचं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. दूध-दही तर फायद्याचंच. सांभाळायचं ते बिअर, कलेजी-भेजा, जवळा, कोळंबी, तारली आणि बाटलीबंद गोड पेयं. मी बिअर पूर्ण सोडली. तारलीचं तिखलं महिन्यातून एकदा, त्यावर घरात तहही झालाय. श्रावणातले उपास करतो, पण पाणी भरपूर पिऊन. कोरडा उपास मला दोनदा नडलाय. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही आकडा चढवतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण बदलता येईल का ते विचारा. माझी बदलून लोसार्टन दिली, आणि त्याने युरिक ॲसिड उलट थोडं उतरतं.

भावाला मी एवढंच सांगितलंय: आधी क्रिएटिनिन कर, आणि ॲटॅक शमल्यावर दोन आठवड्यांनी युरिक ॲसिड परत तपास, कारण ऐन दुखण्यात ते फसवं कमी येऊ शकतं. दोन्ही रिपोर्ट घेऊन सांधेवाल्या डॉक्टरांकडे जा. माझा आकडा आता ५.४, शेवटचा ॲटॅक अडीच वर्षांपूर्वी. मागच्या खेपेला बायकोने डॉक्टरांना विचारलं, आता बंद करायची का? ते म्हणाले, बंद केली तर थोड्याच दिवसांत आकडा पुन्हा होता तिथे जाईल. स्ट्रिप टूथब्रशच्या पेल्यात उभी असते. धुण्याची बास्केट आता धुण्यालाच लागते.