रिपोर्ट चकाचक होता, कुत्र्यांचं रक्त लॅबला पोचलंच नव्हतं

कुत्रे घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी लिहितेय. लांबलंय, पण तिकिटं काढायच्या आधी वाचा.

मी, माझा पार्टनर आणि आमची दोन ध्यानं, ढोल्या आणि चिंगी, असे आम्ही चौघं बरीच वर्षं परदेशातच आहोत. पार्टनरला युरोपात नोकरी लागली, जॉइनिंगला दोन महिने होते. घोळ असा की आम्ही राहत होतो तो देश युरोपियन युनियनच्या, रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांच्या यादीत नाही, आणि तसल्या देशातून कुत्रा न्यायचा तर नुसती लस पुरत नाही. आधी 15 आकडी मायक्रोचिप, मग लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून टायटर टेस्ट, म्हणजे लशीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या ते मोजायचं, त्या मिलिलिटरला 0.5 आययू (मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) किंवा त्याच्या वर यायला पाहिजेत, आणि रक्त काढल्यापासून पुढे 3 महिने थांबायचं. चिप आणि लस झालेली, टेस्ट बाकी. म्हणजे दोन महिन्यात जमणारच नव्हतं हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं, पण आम्हाला कळून घ्यायचं नव्हतं ना.

मग नेटवर एक पेट रिलोकेशनवाला सापडला. माणूस इतका गोड की काही विचारू नका, प्रत्येक मेसेजमध्ये आधी ढोल्याचं पोट बरं आहे का, चिंगी जेवली का, मग कामाचं. साइटवर आयपाटाचा लोगो, म्हणजे पाळीव प्राण्यांची ने-आण करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिचा. त्यांच्या साइटवर मेंबरांची यादी असते, त्यात नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, ती मी नंतर घालवली. तो म्हणाला आमचं लॅबशी टायअप आहे, तुमची केस फास्ट ट्रॅकमध्ये टाकतो, तीन महिने थांबायची गरज नाही. असला कुठलाही फास्ट ट्रॅक नसतो! पण आम्हाला जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता, साठ टक्के ॲडव्हान्स दिला, तोही बँक ट्रान्सफरने. कार्डाने दिला असता तर निदान पैसे परत मागायला तोंड उरलं असतं.

त्याचा माणूस घरी आला, रक्त काढलं, ढोल्या असा रडला की शेजारीण बाहेर आली. दोन बाटल्या त्याने जॅकेटच्या खिशात घातल्या आणि गेला. खिशात! ना बर्फ ना डबा. चिपचा स्कॅनर बॅगेतून काढलाच नाही, नंबर एजंटने माझ्याकडून व्हॉट्सॲपवर मागून घेतले होते. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि त्याला चहा पण दिला.

मग मागण्या सुरू झाल्या. टेंपरेचर कंट्रोलवाला क्रेट लागेल, त्याचे पैसे द्या. दिले. रिफंडेबल इन्शुरन्स, पोचल्यावर परत मिळेल. दिला. प्रवासाच्या दिवशी झोपेची गोळी देऊ, शांत राहतील म्हणाला, तेव्हा मात्र पार्टनर भडकला, कारण विमानात गुंगीचं औषध देऊ नका असं व्हेट आणि एअरलाइन दोघंही सांगतात, श्वासाचा आणि बीपीचा त्रास होऊ शकतो. तरी आम्ही त्याला सोडलं नाही, पैसे अडकले होते ना.

पंधरा दिवसांनी रिपोर्टची पीडीएफ आली. शिक्का, सही, बारकोड, सगळं. दोघांचाही आकडा 1.32. मला वाटलं सख्खी भावंडं आहेत, असेल सारखा.

हेल्थ सर्टिफिकेट पोचायच्या आधी 10 दिवसांच्या आतलं लागतं, त्यासाठी सरकारी व्हेटकडे जायच्या आधी आमच्या नेहमीच्या व्हेटने कागद तपासायला घेतले. चिंगीच्या मानेवर स्कॅनर फिरवला, रिपोर्ट बघितला, परत फिरवला. रिपोर्टवरच्या चिप नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट होते. मी म्हणलं लॅबची चूक असेल. घरी येऊन चॅट उघडलं तर माझ्याच मेसेजमध्ये मी ते दोन आकडे उलटे टाइप केले होते, तीच चूक जशीच्या तशी त्या चकाचक रिपोर्टात उतरली होती. हात गार पडले.

मान्यताप्राप्त लॅबची यादी युरोपियन कमिशनच्या साइटवर असते, लॅब त्यात खरी होती. तिथला ईमेल घेऊन व्हेटने रिपोर्ट नंबर विचारला. उत्तर आलं, असा नमुना आमच्याकडे आलेलाच नाही. व्हेट म्हणाली असा कागद घेऊन उतरला असतात तर कुत्रे परत पाठवतात नाहीतर क्वारंटाइनमध्ये टाकतात, तेही तुमच्या खर्चाने, आणि दोन्ही जमत नसेल तर शेवटी इंजेक्शन देऊन संपवायचीही कायद्यात सोय आहे. चिंगी तेव्हा तिच्याच टेबलावर बसून तिचा हात चाटत होती.

एजंटला फोन केला, आधी म्हणाला क्लेरिकल मिस्टेक, मग ब्लॉक. बँकेत आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केलीये, पैसे गेलेच समजून चाललोय.

पार्टनर एकटा पुढे गेला. मी खरी टेस्ट करून घेतली, व्हेटने माझ्यासमोर चिप वाचून नंबर फॉर्मवर लिहिला, आणि तीन महिने थांबले. आणि हो, मालक आणि कुत्रे यांच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त फरक पडला की विक्रीसाठी नेलेल्या प्राण्यांचे व्यापारी नियम लागतात, कागदं माझ्या नावावर होती म्हणून वाचलो, त्याच्या नावावर असती तर त्याला परत यावं लागलं असतं.

त्या थांबण्याच्या दिवसात एकदा सहज त्याची साइट उघडली. हॅपी कस्टमर्समध्ये ढोल्याचा फोटो. क्रेटच्या मापासाठी मी पाठवलेला, पाठीवर मोजायची टेप तशीच आहे. खाली लिहिलंय, नव्या घरी सुखरूप पोचला. ढोल्या तेव्हा माझ्या पायाशी घोरत पडला होता.