जामीन होऊनही माणूस आत असेल तर विधी सेवेचा फुकट वकील घ्याच

चार स्टार. ज्यांचा माणूस जामीन मंजूर होऊनही जेलात आहे त्यांनी आधी १५१०० या मोफत कायदा मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावा नाहीतर सरळ कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठा, बाहेर जामीनदार मिळवून देतो म्हणून मागे लागणाऱ्या एजंटांना एक रुपया देऊ नका.

शेजारच्या काकूंच्या मुलाला १५ हजारांचा जामीन झाला होता पण जामीनदार कुठून आणणार, सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, खोली भाड्याची, म्हणून पोरगं आतच. इथे वकील मॅडमनी पैसे तर घेतले नाहीतच, उत्पन्नाचा दाखलापण मागितला नाही, कस्टडीतल्या माणसाला तो लागतच नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की जामीन होऊन महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं, मॅडमनी अर्जात नेमकं तेच मांडलं, काकूंच्या धुण्याभांड्याच्या कमाईचा आकडा लिहिला आणि पोरगं पीआर बॉण्डवर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीपत्रावर, सुटलं.

एक स्टार कापला कारण हे कुणी आपणहून सांगत नाही. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आमच्या केसमध्ये कुणीच कळवलं नव्हतं, काकूंना मुलाकातीच्या रांगेतल्या एका बाईने सांगितलं म्हणून समजलं. २०२२ अखेर देशातल्या जेलांत १०० जणांच्या जागेत १३१ माणसं होती आणि चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. नव्या बराकी बांधा म्हणतात सगळे, पण नुसत्या कागदाअभावी अडकलेल्यांना आधी बाहेर काढा ना, दाटी तिथेच कमी व्हायला लागेल!

जाताना जामिनाच्या ऑर्डरची कॉपी, केस नंबर, आधार, रेशनकार्ड न्या. जामीनच झाला नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (BNSS) कलम ४७९ बद्दल विचारा, पहिलाच गुन्हा आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटका मागता येते. मात्र फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला ते लागू नाही आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही.