सीट वाचवणारं सामान, कुत्रा वाचवणारं सामान

गाडीतून कुत्रा नेण्यासाठी म्हणून बाजारात जे काही मिळतं, त्यातलं निम्म्याहून जास्त सामान कुत्र्यासाठी नसतंच. ते सीटसाठी असतं. केस चिकटू नयेत, नखांनी कापड फाटू नये, लाळ गळू नये, एवढीच चिंता. करकचून ब्रेक लागला तर मागे बसलेल्या जिवाचं काय होईल, हे डोक्यात ठेवून बनवलेली वस्तू शोधायला मला बराच वेळ लागला आणि पैसेही बरेच गेले. म्हणून जे घेतलं, जे फेकलं आणि जे शिवून घेतलं, त्या सगळ्याचा हिशोब इथे मांडतेय.

आमची बुंदी गावठी आहे, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, वजन १९ किलो. आम्ही नाशिकला, लेक मोशीला. त्यामुळे नाशिक-पुणे रस्ता आमच्या पाचवीला पुजलेला. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, नारायणगाव, आणि शेवटी चाकणची कोंडी. साधारण २१० किलोमीटर. रस्ता चौपदरी झाला तरी दुभाजकाच्या फटीतून अचानक ट्रॅक्टर बाहेर येतो, उलट्या बाजूने दुचाकीवाले येतात. ब्रेक लागणारच, हे गृहीत धरूनच निघायचं. गाडी छोटी हॅचबॅक, मागे एसीची झडप नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

सुरुवात हॅमकपासून. हे झोळीसारखं कव्हर. दोन बंद पुढच्या सीटच्या हेडरेस्टला, दोन मागच्या. पाय ठेवायची जागा झाकली जाते, त्यामुळे कुत्रा सीटवरून खाली घरंगळत नाही. कल्पना चांगलीच आहे. ऑनलाइन मागवलेलं आमचं पहिलं कव्हर मात्र वरून गुळगुळीत, खालूनही गुळगुळीत. वळण आलं की कव्हर सीटवरून सरके आणि बुंदी कव्हरवरून. बिचारी चारही पाय फाकवून, नखं रोवून उभी. कुत्रा गाडीत बसत नाही, सारखा उभाच राहतो, अशी तक्रार बरेच जण करतात. त्यांनी आधी कव्हरवर हात फिरवून बघावा. पायाखाली पकड नसेल तर तो बसणार कसा?

दुसरी गोष्ट हवेची. झोळी पुढच्या सीटच्या पाठीला भिंतीसारखी उभी राहते. पुढे आम्हाला थंडी वाजतेय आणि मागे बुंदी जीभ बाहेर काढून धापा टाकतेय, असा प्रकार. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त धापांवर. तिला हवा मिळाली नाही तर एसी लावूनही उपयोग नाही. मधोमध जाळीची खिडकी असलेली हॅमक मिळतात. ज्यांच्या गाडीला मागे झडप नाही त्यांनी जाळीशिवाय घेऊच नये.

शेवटी मुंबई नाक्याकडच्या एका सीटकव्हरवाल्याकडे गेले. माप घ्यायला बुंदीला घेऊनच गेले होते.

"ताई, एवढं सगळं कुत्र्यासाठी?"

"मग काय तुमच्यासाठी?"

हसला, पण काम मन लावून केलं. वर जाड कॅनव्हास, मधे पातळ फोम, खाली रबरी जाळी, ती गालिच्याखाली घालतात तसली, म्हणजे कव्हर हलत नाही. समोरच्या बाजूला हातभर लांबीची जाळीची खिडकी. सीटबेल्टच्या बकलांसाठी तीन फटी, त्यांवर वेल्क्रोच्या झडपा. या फटींकडे नीट लक्ष द्या. तयार कव्हरांमधे त्या बकलाच्या जागी येतच नाहीत आणि मग लोक बकल कव्हरखाली दाबून टाकतात, म्हणजे बेल्टच बाद. आणखी एक सल्ला त्याचाच. कव्हर पायाच्या जागेवर नुसतं लोंबकळतं ठेवायचं नाही, खाली कपड्यांच्या बॅगा भरून पातळी सीटइतकी करायची. कापड १९ किलो पेलतं, पण कुत्र्याला खाली दबणारी जमीन आवडत नाही.

सगळे मिळून १,८०० रुपये झाले. उणं काढायचं तर दोन गोष्टी. एक, "उद्या या" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी दुकानात स्टूल टाकून बसले. दोन, कॅनव्हास धुतल्यावर वाळता वाळत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

पण कव्हर कितीही चांगलं असलं तरी ते सीटच वाचवतं, मघाशी म्हटलं तसं. आता खऱ्या विषयाकडे.

सीटबेल्टच्या बकलात अडकवायचा पट्टा मिळतो. एका टोकाला बेल्टची जीभ, दुसऱ्या टोकाला हुक. अडीचशे-तीनशे रुपयांत दोन. पाकिटावर हसरा लॅब्रॉडॉर आणि 'सेफ्टी' हा शब्द मोठ्ठा. मी साधा हिशोब करून बघितला. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय आणि धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःच्या वजनाच्या चौदा पट जोर येतो. १९ किलोची बुंदी म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. तो जोर ओतीव धातूच्या करंगळीएवढ्या हुकावर आणि चार टाक्यांच्या शिवणीवर. आणि हे सगळं गळपट्ट्याला अडकवलं असेल तर मानेवर! गाडीत गळपट्ट्याला पट्टा बांधायचा नाही, एवढं एक जरी कुणी लक्षात ठेवलं तरी हे लिहिल्याचं सार्थक झालं.

त्या पट्ट्याची खरी गंमत पुढे आहे. चंदनापुरी घाट उतरताना बुंदीने कूस बदलली, पुढचा पाय बकलावरच्या लाल बटणावर पडला आणि खट् आवाज. पुढच्या क्षणी मॅडम गिअरच्या दांड्यावर हनुवटी टेकून समोरचा रस्ता बघतायत. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली म्हणून निभावलं. बकलावर घालायची प्लास्टिकची टोपी वेगळी विकत मिळते, म्हणजे बटण दबत नाही. पण मग घाईच्या वेळी आपल्यालाही ते उघडायला किल्ली लागते. मला तो उपाय पटला नाही.

पटला तो दुसरा. छातीला रुंद पट्टी असलेला हार्नेस, ज्याच्या पाठीवर जाड कापडाचा बोगदा शिवलेला असतो. गाडीचा स्वतःचा सीटबेल्ट त्यातून ओवायचा आणि नेहमीसारखा लावायचा. बेल्ट आडवा तिच्या पाठीवरून जातो, बकल तिच्या कुशीपासून लांब राहतं, आणि झटका बसला की गाडीचा बेल्ट जसा आपल्यासाठी अडतो तसाच तिच्यासाठी अडतो. जोर येतो तो छातीच्या रुंद हाडावर. मधे कुठलाही स्वस्त हुक नाही. ३,००० रुपयांच्या आतबाहेर मिळाला. माझ्या यादीतली ही एकच वस्तू अशी, की जी कुत्र्याचा विचार करून बनवलीय.

तरी पाकिटावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची ना-नफा संस्था २०११ पासून हे सामान तपासते, कुत्र्याच्या वजनाच्या बाहुल्या बसवून, गाड्यांची घेतात तशी धडक चाचणी घेऊन. २०१३ मध्ये त्यांनी सुबारूच्या मदतीने हार्नेस तपासले, तेव्हा सगळ्यांत वर आला तो स्लीपीपॉडचा क्लिकइट युटिलिटी. तोही असाच, गाडीच्या बेल्टमध्ये ओवायचा. लांब पट्टे आणि सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधायची दोरी, जिच्यावर कुत्रा इकडून तिकडे फिरतो, ती वापरू नका असंच ती संस्था सांगते. कारण उघड आहे. पट्टा जितका लांब तितका कुत्रा झटक्याआधी पुढे फेकला जाणार. आमच्या हार्नेसवर अशा चाचणीचा शिक्का नाही. आपल्याकडे दुकानात विचारलं तर "मॅडम, एकदम स्ट्राँग आहे" एवढंच उत्तर मिळतं. मी निदान शिवण उलटून बघते, बकलं प्लास्टिकची की धातूची ते बघते आणि पट्टी दोन हातांत धरून हिसडते.

मापाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गावठी कुत्री पाळणाऱ्यांची इथे हमखास पंचाईत होते. मापाचे तक्ते लॅब्रॉडॉर, पग असल्या भरीव अंगाच्या कुत्र्यांना धरून केलेले असतात. आपल्या गावठीची छाती खोल, कंबर बारीक, मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं. तिने मागे पाय रेटून अंग आक्रसलं की हार्नेस डोक्यावरून सुळकन निघतो. बुंदीने आमच्या बैठकीच्या खोलीत हे करून दाखवलं, रस्त्यावर नाही, हे नशीब. पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप गुंडाळून छातीचा घेर मोजायचा, घातल्यावर पट्टीखाली दोन बोटं सरकतील एवढंच ढिलं ठेवायचं, आणि शक्यतो पोटाकडे तिसरी पट्टी असलेला घ्यायचा. काखेत घासत नाही ना, ते पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बघा. बुंदीला उजव्या काखेत लाल झालं होतं, तिथे मऊ फ्लॅनेलची पट्टी शिवून घेतली.

पिंजऱ्याचं थोडक्यात. विमानात चालतात तसल्या कडक प्लास्टिकच्या पिंजऱ्यात कुत्रा सगळ्यांत निवांत राहतो असं ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या आहेत ते सांगतात आणि ते खरं असावं. आमच्या मैत्रिणीचं मांजर तसंच जातं, पिंजरा पुढच्या सीटच्या मागे जमिनीवर घट्ट बसवून. पण १९ किलोच्या कुत्र्याला उभं राहता, वळता येईल एवढा पिंजरा हॅचबॅकमध्ये ठेवला तर माणसांनी एसटीने जावं लागेल. आणि पिंजरा न बांधता नुसता ठेवला तर उपयोग शून्य, पिंजऱ्यासकट कुत्रा उडणार.

सेदानच्या बंद डिकीत कुत्रा घालून नेणारे महाभाग मी आडगाव नाक्यावर डोळ्यांनी बघितलेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने नेणं हा गुन्हाच आहे. मांडीवर घेऊन पुढे बसणंही तसंच वेडेपणाचं, एअरबॅग माणसाच्या मापाने उघडते. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण सिन्नरच्या पुढे वाळूच्या डंपरमागे तेच करून बघा. मागच्या काचांची बटणं चालकाच्या बाजूने लॉक करून ठेवायची, नाहीतर पंजा पडून काच खाली जाते किंवा, त्याहून वाईट, वर येते.

माझं मेडिकल आहे, त्यामुळे "कुत्र्याला गाडी लागते, उलटीची गोळी द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक मला नवीन नाही. मी देत नाही. माणसाच्या गोळ्या अंदाजाने अर्ध्या-पाव करून कुत्र्याला घालायच्या नसतात. कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ते जनावरांच्या डॉक्टरांनी वजन बघून लिहून द्यायचं. सारखं ओठ चाटणं, जांभया, लाळ ही उलटीआधीची लक्षणं, ती दिसली की गाडी थांबवा. बुंदीला आम्ही निघण्याआधी तीन-चार तास पोटभर घालत नाही, पाणी मात्र देतो. आणि सुरुवातीचे काही आठवडे तिचं जेवण दारात उभ्या असलेल्या गाडीत होत असे. इंजिन बंद, दारं उघडी. त्याला खर्च शून्य आणि फरक सगळ्यांत मोठा.

थांब्यांवर आमचा एकच नियम. दोघं एकदम चहाला जात नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर उघडी ठेवून जवळपास काहीच फरक पडला नाही. "दोनच मिनिटं" म्हणून मिसळ खायला बसणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. आणि दार उघडण्याआधी फिरवायची दोरी लावायची, मग सीटबेल्ट सोडायचा. उलटं केलंत तर कुत्रा महामार्गावर. नारायणगावच्या ढाब्यांवर स्थानिक मंडळी असतात, चार पायांची, त्यांना पाहुणे आवडत नाहीत.

गुण द्यायचेच तर बेल्टमध्ये ओवायच्या हार्नेसला पाचपैकी चार, चाचणीचा शिक्का नाही म्हणून एक कापला. शिवून घेतलेल्या कव्हरला साडेतीन, तयार हॅमकला जाळी असेल तर अडीच. अडीचशे रुपयांच्या त्या पट्ट्याला मी शून्य दिलं असतं, पण आता त्याने गच्चीवरची कुंडी रेलिंगला बांधलीय आणि ती वादळातही हलली नाही, तेव्हा अर्धा.

पावसाळ्यासाठी दुसरं कव्हर शिवायला टाकलंय, या खेपेला लवकर वाळेल असं कापड स्वतः निवडून. "उद्या या" म्हणालाय.