पी. अँड ओ.ची विलायती टपालसेवा : वक्तशीरपणाचे परीक्षण

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईहून विलायतेला जाणारे पत्र बहुधा पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच पी. अँड ओ., या कंपनीच्या आगबोटीने जात असे. मराठी वाचकाला ही कंपनी ठाऊक असते ती ‘मोरिया’मुळे. 8 जुलै 1910 रोजी मार्सेलिस बंदरात सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, ती याच कंपनीच्या बोटीतून. परंतु कंपनीचा ब्रिटिश सरकारशी करार होता तो टपालाचा, आणि म्हणून तिच्या सेवेचे मोल ठरवायचे तर टपाल वेळेवर पोहोचत होते की नाही, हीच कसोटी लावली पाहिजे. जुनी पाकिटे आणि त्यांवरचे शिक्के आवडीने पाहत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, भर समुद्रात ही सेवा उत्तम होती; तिचा वेळ जाई तो एका वाहनातून दुसऱ्या वाहनात टपाल चढवण्याच्या ठिकाणी.

मार्ग पाहिला की हे लक्षात येते. लंडनहून निघालेले टपाल इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील कॅलेला येई आणि तिथून आगगाडीने थेट इटलीच्या टाचेवरील ब्रिंदिसी बंदर गाठी. तिथे ‘आयसिस’ आणि ‘ओसिरिस’ या 1898 साली बांधलेल्या, 20 नॉट (ताशी 20 सागरी मैल) वेगाच्या दोन छोट्या बोटी केवळ एवढ्याचसाठी ठेवलेल्या होत्या, की थैल्या उचलून पोर्ट सैदला धावत न्याव्यात आणि लंडनहून समुद्रमार्गे आधीच निघालेल्या मोठ्या बोटीच्या स्वाधीन कराव्यात. पुढे सुएझ कालवा, तांबडा समुद्र, एडन आणि मुंबई. ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या बोटीने टपाल आले असेल, तर एडनलाही बोट बदलावी लागे. त्या टप्प्यासाठी कंपनीने 1908 मध्ये ‘साल्सेट’ ही वेगवान बोट खास बांधून घेतली. एकूण प्रवास साधारण दोन आठवड्यांचा. त्या काळच्या साधनांनी याहून चांगली व्यवस्था कुणी करून दाखवली असती, असे मला वाटत नाही.

दोष शोधायचा तर तो आठवड्यातून एकाच खेपेचा. पत्र काही तास उशिरा आले, तर नुकसान तेवढ्याच तासांचे होत नसे. मुंबईच्या व्यापाऱ्याला विलायतेचे पत्र वाचून त्याच आठवड्याच्या परतीच्या टपालात उत्तर टाकायचे असे. आलेली बोट अर्धा दिवस रखडली आणि जाणारी निघून गेली, की उत्तर पूर्ण सात दिवस पडून राही. म्हणूनच टपाल बंद होण्याची वेळ टळल्यावरही जादा आकार, म्हणजे ‘लेट फी’, भरून पत्र घेण्याची सोय होती, आणि लोक तो आकार मुकाट्याने भरत. विलायतेशी थेट समुद्री तार 1870 पासून होती, पण तिचे दर पाहता चार ओळींपलीकडचा मजकूर पत्रानेच पाठवावा लागे, आणि 1898 च्या नाताळापासून तर ते पत्र एका आण्यात जाऊ लागले होते.

या सेवेतील मला सर्वाधिक भावलेला भाग म्हणजे बोटीवरचे टपाल कार्यालय. ‘सी पोस्ट ऑफिस’ नावाचे हे हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे कार्यालय 1868 मध्ये सुरू झाले आणि पुढे एडन–मुंबई या टप्प्यात काम करू लागले. भर जुलैत, बोट आडवी-उभी हलत असताना, उकाड्याच्या बंद खोलीत कारकून पत्रे गावोगावची वेगळी करून थैल्या भरत, म्हणून बोट धक्क्याला लागताच त्या थैल्या सरळ आगगाडीत चढवता येत. मुंबईत उतरवून मग निवड करायची म्हटले असते, तर पुण्या-नागपूरकडच्या पत्रांचा जो वेळ मोडला असता, तो या माणसांनी वाचवला. ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू होताच हे कार्यालय बंद करण्यात आले. याची मला मनापासून हळहळ वाटते.

नैसर्गिक विलंबाबद्दल कंपनीला दोष देता येत नाही. मुंबई ते एडन हे अंतर सुमारे 1,650 सागरी मैल, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जाणाऱ्या बोटीच्या समोरून येई. कालव्याचेही तसेच. सप्टेंबर 1905 मध्ये डायनामाइट वाहून नेणारी ‘चॅटहॅम’ ही बोट पेट घेऊन कालव्यात बुडाली, 28 तारखेला ती सुरुंगाने उडवावी लागली आणि कित्येक बोटी खोळंबल्या.

युद्धकाळात मात्र प्रश्न उशिराचा उरला नाही. 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटजवळ ‘पर्शिया’ पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. गांधीजी जिच्यातून 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईला परतले, ती ‘अरेबिया’ पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुडाली. हुंड्यांच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या टपालाने धाडण्याची पेढ्यांची जुनी रीत अशा वेळी किती शहाणपणाची होती, हे कळून येते. घरगुती पत्राची दुसरी प्रत कोण काढणार?

या काळातील पाकिटे जमवणाऱ्यांना माझी शिफारस अशी की, केवळ तिकिटासाठी पाकीट घेऊ नये. पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा असे दोन्ही शिक्के स्पष्ट असलेले पाकीट निवडावे, आणि जून ते सप्टेंबरमधील पाकीट हिवाळ्यातल्या पाकिटाशेजारी ठेवून दिवस मोजावेत.